चिखल्याचं घरटं आणि चुन्याचा बाण

वाट फाट्यापर्यंत सांगतो, जागा सांगणार नाही. मागच्या लेखाखाली दोघा-तिघांनी "नक्की स्पॉट कुठला?" असं विचारलंय. त्यांना हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी चिडायला नको.

मागच्या रविवारी मी एकटाच गेलो होतो. होळी होऊन गेलेली, उन्हं तापायला लागलेली, आणि बदलापूरच्या पलीकडचा तो छोट्या धरणाचा तलाव निम्म्याच्या खाली उतरलेला. पाणी मागे सरकलं की काठाचे पट्टे पडतात. वर खड्यांचा कोरडा पट्टा, त्याखाली भेगाळलेला गाळ, मग ओला चिखल, मग पाणी. काठावरच्या पक्ष्यांनी हे पट्टे आपापसांत वाटून घेतलेले असतात. माणसांनीही. गाळावर वाडीतले लोक काकडी, कलिंगड, वाल लावतात आणि पाणी उतरेल तसे वेल खाली खाली नेतात.

त्या खड्यांच्या पट्ट्यात मला छोट्या कंठेरी चिखल्याचं घरटं सापडलं.

पालथं पडून, कोपरं सोलून घेऊन, पक्षी एकाच जागी पुन्हा पुन्हा का जातोय हे बघत बसल्यावर ते सापडलं. घरटं म्हणायला तिथे एक काडीही नव्हती. खड्यांत वाटीएवढा खळगा आणि त्यात चार अंडी, चारही टोकं आत वळवलेली, रंग आजूबाजूच्या खड्यांचाच. नजर हलवली की हरवतात. पक्षी चिमणीपेक्षा थोडा मोठा, गळ्यात काळा पट्टा आणि डोळ्याभोवती पिवळी धमक कडा. ही कडा महत्त्वाची. शहरातल्या एका पक्षीमित्राने फोटो बघून दुसरंच नाव सांगितलं होतं. मी त्याला कडा दाखवली आणि उडताना पंखावर पांढरी रेघ दिसत नाही हेही दाखवलं. त्यानंतर त्याचा मेल आलेला नाही. पक्ष्यांबद्दल मला कोणी शिकवलेलं नाही आणि माझ्याकडे कुठलं प्रमाणपत्रही नाही. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे. तिथे एक सवय लागते, अंदाजाने बोलायचं नाही.

तर घरट्यापासून हातभर अंतरावर ट्रॅक्टरच्या चाकाचा ताजा वण होता. उन्हाळ्यात तलावातला गाळ उचलून शेतात आणि वीटभट्ट्यांवर नेतात. ट्रॅक्टर परत येणार हे उघड होतं, आणि ट्रॅक्टरवाल्याला ती अंडी दिसणार नाहीत हेही.

मी घरी आलो, जेवलो आणि सामान घेऊन पुन्हा गेलो. भंगारातल्या सागाच्या चार खुंट्या, टोकाला यंत्रं पुसायच्या लाल चिंध्या, डबीत कालवलेला चुना. घरट्याच्या चारी बाजूंना, लांबवर, चौरसात खुंट्या ठोकल्या. कर्ण मोजून बघितले, कारण काटकोन म्हणजे काटकोन. घरट्याजवळ कसलीही खूण नाही, कारण कावळे हुशार असतात. दोन्ही कर्ण जिथे छेदतात तिथे घरटं. आणि काठावरच्या मोठ्या काळ्या खडकावर चुन्याने एक बाण काढला. बाणापाशी उभं राहायचं, समोरासमोरच्या दोन खुंट्या एका रेषेत आणायच्या, की पायाखाली काही न तुडवता त्यांच्या मधोमध नेमकी जागा मिळते. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, माझं मीच ठरवलं. बाण सुरेख आला होता.

आठवडाभर लेथसमोर उभा होतो, पण डोक्यात ती वाटी होती.

या रविवारी उजाडायच्या आत गोप दारात हजर. गोप माझा जुना मित्र, उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्याचं बॅगांचं दुकान आहे. कधीकाळी त्याचं शिलाईचं मशीन मी दुरुस्त केलं, तेव्हापासूनची दोस्ती. त्याने नवी गाडी घेतली होती आणि तिला कुठेतरी न्यायचं होतं. मी त्याला फोनवर बजावलं होतं, मातकट रंगाचे कपडे घाल. तो कडक पांढऱ्या शर्टात, गळ्यात चेन, डोळ्यांवर काळा चष्मा, अशा थाटात उतरला.

"हे काय घातलंयस?"

"साईं, नई गाडी है. मातीच्या रंगाचे कपडे घालून नई गाडीत बसू?"

मागून बायको म्हणाली, "अहो, आज विहारात मीटिंग आहे, लक्षात आहे ना? माइक तुम्हीच लावायचाय. मागच्या वेळी दुसऱ्याने लावला तर नुसती शिट्टी वाजत होती."

"जेवायच्या आत येतो," मी म्हणालो.

आता वाट. रेल्वेने येणाऱ्यांनी बदलापूरला उतरून पश्चिमेला बाहेर पडायचं. इतक्या सकाळी रिक्षा मोजक्याच असतात, आधी बोली करून बसा, परतीचंही तेव्हाच ठरवा. आमच्या बेलवलीतून निघालात तर बदलापूर गावातून सरळ जाऊन उल्हास नदीवरचा पूल ओलांडायचा. पुलावर दोन मिनिटं थांबलात तर खाली खडकांवर पाणकावळे पंख वाळवताना दिसतील. पुढे रस्ता बरा आहे, पण वळणांवर गाळाच्या ट्रॅक्टरांनी माती सांडलेली असते, दुचाकीवाल्यांनी ब्रेक जपून मारा. पुलापलीकडच्या टपरीवर चहा घ्यायचा असेल तर तिथेच घ्या, नंतर काही मिळत नाही. चहा गोड असतो, कमी साखरेचा मागितला तर तोच देतात आणि "कमी आहे" म्हणतात. पाणी भरपूर न्या, टोपी न्या. तिथून पुढे एक फाटा लागतो. त्या फाट्यानंतरची वाट मी इथे लिहिणार नाही.

वाडीच्या तोंडाशी चिंचेखाली गाडी लावली. मी माझी दुर्बीण बाहेर काढली. ही एका डोळ्याची लांब दुर्बीण आहे, जुन्या बाजारातून आणलेली. तिच्या तिपाईचं डोकं मी स्वतः लेथवर काढलंय; लोण्यासारखं फिरतं. तिपाईचे पाय कारखान्यातल्या उरलेल्या पिवळ्या रंगाने रंगवलेत. हे पिवळे पाय लक्षात ठेवा.

धरणाच्या बांधावर चढलो तेव्हा तलावावर धुकं नव्हतं, भट्ट्यांचा धूर मात्र थरासारखा पसरला होता. चिखलात शेकाटे आपले लालबुंद काटकुळे पाय उचलत चालले होते, ओल्या फरशीवरून जपून जाणाऱ्या माणसासारखे. तुतवार दगडादगडावर शेपटी नाचवत होता. छोट्या टिलव्यांचा थवा शिवणयंत्राच्या सुईसारखा चिखल टोचत पुढे सरकत होता. हे टिलवे आता परतीच्या वाटेवर आहेत, अंगावर लालसर छटा चढू लागलीय. मी गोपला ती छटा दाखवली.

"साईं, सच बोलूं? मला सगळे एकसारखे दिसतात."

"तुझ्या दुकानातल्या बॅगा मलाही एकसारख्या दिसतात."

"अरे वाह! चेन वेगळी असते, बक्कल वेगळं, अस्तर वेगळं..."

"तेच सांगतोय मी."

तो हसला आणि मग मन लावून बघायला लागला. मीही खुशीत होतो. बांधावरून उतरून काळ्या खडकापाशी आलो आणि जागीच थांबलो.

बाणावर शेण थापलेलं होतं. नुसतं उडालेलं नव्हे, हाताने जोर लावून सारवलेलं. समोर खड्यांच्या पट्ट्यात एकही खुंटी नव्हती. चारही उपटलेल्या. ट्रॅक्टरचे नवे वण होते, उलटसुलट, एकावर एक.

मी रागाच्या भरात, बघावं म्हणून, सरळ खड्यांत शिरलो. मागून गोप आला. थोडं आत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण काय केलंय. खुंट्या नाहीत, बाण नाही, म्हणजे रेषा नाही. घरटं कुठे आहे ते मला कळत नव्हतं. कदाचित डावीकडे. कदाचित बुटाच्या टाचेखाली.

"गोप, हलू नकोस."

"क्या हुआ? साप?"

"अंडी. इथेच कुठेतरी आहेत. ट्रॅक्टरने चिरडली नसतील तर."

तेवढ्यात 'पिऊ' असा बारीक आवाज आला आणि चिखल्या दिसला. आमच्यापासून थोड्या अंतरावर धावत गेला, थांबला, मान झटकली. म्हणजे अंडी अजून होती. रिकाम्या घरट्यासाठी कोणी असं कासावीस होत नाही. आणि आम्ही तिथे उभे होतो म्हणून त्याला त्यांच्यावर बसता येत नव्हतं. ऊन वर येत होतं. या दिवसांत उघडी अंडी तापायला वेळ लागत नाही. दगडांमधली अंडी तर तव्यावर ठेवल्यासारखीच.

मी परत फिरायला मान वळवली, तर बांधावरून माणसं उतरत होती.

पुढे एक बाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हंडा खाली ठेवून आलेली असणार, कारण डोक्यावर चुंबळ तशीच होती. काखेत सरपणासारख्या माझ्या चारही खुंट्या. तिच्याबरोबर हातात कोयता घेतलेला एक माणूस, आणि मागे वाडीतले आणखी काही जण.

"ह्या तुमच्या ना?" बाईने खुंट्या पुढे केल्या.

"हो, माझ्याच," मी लगेच म्हणालो. खुंट्या माझ्याच होत्या आणि चांगल्या केलेल्या होत्या.

"बघ हिरा वैनी, कबूल करतोय!" कोयतेवाला ओरडला. तो तिचा दीर, महादू. गाळाचा ट्रॅक्टर त्याचाच, हे नंतर कळलं. "मागल्या साली असंच आलं होतं. ह्येच पिवल्या पायांचं स्टँड, हीच दुर्बीन. दगडावर बान मारला, लाल फडकी लावली, गोड बोलून गेलं. पाठनं कागद आला. धरन उंच करनार, जागा खाली करा. वरची वाडी उठली. आता आमचा नंबर काय?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे सगळं जुळलं. चौरस, कर्ण, काटकोन, बाण. मी ते इतकं नीटनेटकं केलं होतं की बघणाऱ्याला मोजणीच वाटली असती.

"आनि ह्यो शेठ कोन? बिल्डर ना?"

"अरे नहीं भाई," गोप घाईघाईने म्हणाला, "माझं दुकान आहे कॅम्प चारमध्ये. स्कूल बॅग, सूटकेस..."

"सूटकेस!" मागून कोणीतरी म्हणालं. "भरून आनलीय काय?"

हशा पिकला, पण तो चांगला हशा नव्हता. महादू दोन ढांगा पुढे आला. त्याच्यामागे बाकीचेही खड्यांत शिरायला लागले.

"पुढे येऊ नका!" मी जीव तोडून ओरडलो. "एक पाऊल टाकू नका इथे!"

ते ऐकून माणसं आधी थबकली आणि मग एकदम भडकली.

"आमच्या जागंत आमालाच सांगतोस, पाय टाकू नको?" हिराबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "माझ्या सासऱ्यानं ह्या गालात काकडी लावली. मी लावते. तू कोन?"

चिखल्या आता आमच्या आणि त्यांच्या मधोमध आला होता. एक पंख मोडल्यासारखा खाली सोडून, शेपटी पसरून, फरफटत जात होता.

"पाखरू जखमी झालंय," एक जण म्हणाला आणि पकडायला वाकला.

"हात लावू नका. काही झालेलं नाही त्याला, नाटक करतोय तो."

"नाटक तू करतोस," महादू म्हणाला. "गाडीची चावी काढा आधी."

गोपने निमूटपणे चावी काढून त्याच्या हातात दिली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "साईं, तुझ्या अंड्यांपायी माझी गाडी जाणार."

मी महादूशी बोलणं सोडून दिलं आणि हिराबाईकडे वळलो. "बाई, मी सरकारचा माणूस नाही, बिल्डरचाही नाही. अंबरनाथला कारखान्यात आहे, राहायला बेलवलीत. इथे खड्यांत या पाखराची अंडी आहेत. ट्रॅक्टरखाली जाऊ नयेत म्हणून मी खुंट्या ठोकल्या. आता खुंट्या नाहीत, तर कुठे आहेत ते मलाही सांगता येत नाही. तुमच्या पायाखाली येतील, नाहीतर माझ्या. आपण सगळे बांधावर जाऊ आणि गप्प बसू. पाखरू येईल आणि आपल्या अंड्यांवर बसेल. नाही बसलं तर मी खोटा. मग काय करायचं ते करा."

"आनि तवर तू पलशील," महादू म्हणाला.

"चावी तुमच्याकडे आहे. दुर्बीणही घ्या."

हिराबाईने माझ्याकडे बघितलं, मग पंख फरफटत चाललेल्या पाखराकडे. "चला वर," ती म्हणाली.

परतणं येण्यापेक्षा अवघड गेलं. मी सगळ्यांना सांगितलं, आलात त्याच पावलांवर पाय ठेवत जा, नवं पाऊल नको. मी बूट काढून हातात घेतले, म्हणजे पायाखालचं कळावं. त्यावर पोटभर थट्टा झाली, "मिस्त्री देवलात चाललं" वगैरे. पण माझ्या लक्षात आलं, हसता हसता सगळेच आता खाली बघून पाय टाकत होते.

बांधावर बसलो. मी तिपाई लावली. कोयता महादूच्या मांडीवर, चावी त्याच्या खिशात, गोप माझ्या शेजारी घाम पुसत. चिखल्या पट्ट्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. थोडं धावला, थांबला. परत उलट्या दिशेने धावला, थांबला. घरट्याकडे येतोय असं वाटायचं आणि तो भलतीकडेच किडा टिपायचा.

"काय, बसतंय का?" महादूने विचारलं.

"त्याला अजून आपली खात्री वाटत नाही."

"आमाला पन तुमची वाटत नाय."

ऊन पाठीवर चटका द्यायला लागलं होतं. माझ्या मनात सारखी ती वाटी होती, उघडी, तापत चाललेली. आणि तेवढ्यात कावळा उतरला. खड्यांवर उड्या मारत, मान तिरकी करून, तपासत चालला. ज्या बाजूला घरटं असावं असा मला अंदाज होता, त्याच बाजूला. मी अर्धवट उठलो. महादूने माझा दंड धरला. "कुटं?"

हिराबाईने कमरेची गोफण कधी सोडली ते मला दिसलं नाही. वालावर पाखरं बसू नयेत म्हणून तिच्याजवळ ती कायम असते. हवेत सूं आवाज झाला, मी डोळे मिटले, कारण तो दगड अंड्यांवरही पडला असता. टप् असा आवाज आला. डोळे उघडले तर कावळा उडून दूर चालला होता आणि दगड त्याच्या पलीकडे, ओल्या चिखलात रुतला होता.

"लई आगाव जात," ती म्हणाली आणि गोफण पुन्हा कमरेला गुंडाळली.

आता चिखल्याही दिसेना. मला वाटलं, संपलं. मग गोपनेच त्याला पाहिलं, ज्याला मघाशी सगळे एकसारखे दिसत होते. "साईं, पाण्याजवळ. गळ्यात पट्टा."

मी दुर्बीण वळवली आणि डोळा लावला. ती मादी होती. गळपट्टा नरापेक्षा फिका, तपकिरी. पाण्याच्या अगदी कडेला गेली, उथळ पाण्यात पोटावर बसली, इकडून तिकडून हलली आणि उठली. पोटाची पिसं निथळत होती. मी बाजूला सरकलो. "बाई, या, बघा. लवकर."

हिराबाई वाकली. एक डोळा हाताने झाकून घेतला. दुसरा भिंगाला लावला. मग बोलायला लागली, कोणाला सांगतेय याचं भान नसल्यासारखी.

"धावतेय... थांबली... परत धावतेय. पोट भिजवलंय तिनं. पानी नेतेय." मग आवाज एकदम खाली आला. "बसली. अंग हलवून बसली. महादू, बसली रे."

महादूने बघितलं. मग बाकीच्यांनी, एकेक करून, तिपाईला धक्का न लावता. मी मागे उभा राहून तेवढं बघत होतोच. महादू दुसऱ्यांदा वाकला तेव्हा म्हणाला, "डोल्याला पिवला काठ हाय वैनी, बांगडीवानी."

शेवटी मी बघितलं. ती बसली होती, चोच किंचित उघडी, समोर रोखून बघत. आणि तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, खड्यांत माझ्या बुटाचा ठसा होता. मघाशी मी गोपला 'हलू नकोस' म्हणालो तिथला. तिथून एक पाऊल पुढे टाकलं असतं तर सगळं संपलं होतं.

चावी परत मिळाली. पण हिराबाई उठेना.

"बान पुसा," ती म्हणाली.

"शेणाखाली आहे, दिसत नाही आता."

"पाऊस आला का शेन जाईल, बान ऱ्हाईल. पुसा."

खडकापाशी जाऊन मी तळ्यातली वाळू घेतली आणि घासायला लागलो. ती हंड्यातून पाणी ओतत होती. चुना दगडाच्या कणाकणात मुरला होता. मीच दोन हात दिले होते, पक्का बसावा म्हणून. घासता घासता तळहात सोलले. मी थांबलो की ती बोट दाखवायची, इथं पांढरं हाय, तिथं हाय. खडक काळाभोर होईपर्यंत तिने मला सोडलं नाही.

"पण मग ट्रॅक्टरला कसं कळणार?" मी विचारलं. माझा मूळ प्रश्न तिथेच होता.

ती वालाच्या मांडवाकडे गेली, एक काठी उपसून आणली, तिच्या टोकाला मूठभर पेंढा बांधला आणि खड्यांच्या पट्ट्याच्या कडेला, ट्रॅक्टर जिथून वळतो तिथे, रोवली. "आमच्यात अशी काठी दिसली का त्या तुकड्यात गुरं घालत नाय, गाडी घालत नाय. कोनी इचारत नाय का म्हनून."

काठी एका बाजूला कलली होती. मला राहवेना. "जरा सरळ करू का?"

"ऱ्हाऊ दे. सरल केली तर सरकारी दिसल."

महादू एवढा हसला की चिखली उठते की काय अशी मला धास्ती वाटली. उठली नाही.

गोपने डबा उघडला. उल्हासनगरला येऊन दालपकवान खाल्लं नसेल तर तुमचं तिकडे येणं फुकट. कुरकुरीत पकवान, वर घट्ट चणाडाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. आम्ही बांधावर बसून सगळ्यांनी मिळून खाल्लं. "शेठ, ह्यो पापड तेलकट हाय," महादू म्हणाला आणि तिसरा उचलला. हिराबाईने वेलीवरच्या काकड्या आणल्या, कोवळ्या, मीठ न लावताही गोड. निघताना गोपने महादूच्या ट्रॅक्टरच्या सीटचं माप घेतलं, रेक्झिनचं कव्हर शिवून देतो म्हणाला. माझ्या मोबाइलवर महादूने त्याचा नंबर घातला आणि माझा घेतला. "काय झालं तर मिस कॉल देईन. तुमी करा, माझ्यात बॅलन्स नसतो."

खुंट्या हिराबाईने परत दिल्या. मला वाटलं होतं, ती चुलीत घालेल.

विहारातली मीटिंग मी पोचलो तेव्हा संपत आली होती. माइक कोणीतरी लावला होता आणि तो शिट्टी मारत होता. बायकोने माझे हात बघितले. "पक्षी बघायला गेला होतात ना?" एवढंच म्हणाली आणि हळद लावायला बसवलं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, फेब्रुवारीपासून पावसापर्यंत तलावाच्या कोरड्या खड्यांतून चालू नका, कितीही मोकळी जागा दिसली तरी. पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटताना दिसला तर तिथेच थांबा आणि आल्या पावलांनी परत फिरा. दुसरं, तिपाई पिवळी असेल तर रंग बदला. मी माझी खरवडून मातकट केली. घरट्यापाशी खूण करायची तर आधी वाडीत जाऊन विचारा. आणि जागेचं नाव मी का देत नाही ते आता कळलं असेल; खडकावरचा बाण पुसून आलो, इथे पुन्हा काढणार नाही.

हा लेख इथे संपत होता. काल टाकायचा होता, पण कामावर असताना मोबाइलवर महादूचा मिस कॉल दिसला. जेवणाच्या सुट्टीत, शेडच्या बाहेर येऊन, मी फोन लावला. मशीनच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, मी दुसऱ्या कानात बोट घातलं.

"मिस्त्री, तुमचं खडं चालाय लागलं!"

"काय?"

"खडं, खडं! सकालधरनं धावतायत. कापसाचा बोला, त्याला काटक्या लावल्यासारखं. वैनीला तीन दिसलं, मला चार. भांडन चाललंय आमचं. तुमची दुर्बीन घेऊन या."

 आतून कोणीतरी हाक मारत होतं. मी एवढंच विचारलं, "काठी आहे अजून?"

"हाय की. ट्रॅक्टर वलसा घालून जातोय. आनखी वाकली."

"वाकू दे," मी म्हणालो.